पाणी वाहतंय, तरी पाण्याचा एरर: लेझर वारंवार थांबतो तेव्हा काय तपासायचं

लेझर मशीन कापता कापता थांबते. पॅनेलवर पाण्याचा एरर येतो. ट्यूबमध्ये फिरणारं पाणी गार करणाऱ्या चिलरजवळ जाऊन बघावं तर पंप चालू, टाकीत पाणी भरपूर, परतीच्या नळीतून धारही पडतेय. एरर घालवून काम पुढे सुरू केलं की वीस मिनिटांनी, कधी दोन तासांनी, पुन्हा तेच. एमडीएफच्या जाळीकामात मशीन ज्या जागी थांबते तिथे काळा ठिपका राहतो आणि अख्खी शीट बाद होते. आमच्या गाळ्यात हा त्रास उन्हाळ्यात सुरू झाला, मिटला असं वाटलं, आणि ऐन पावसाळ्यात, गणपतीच्या मखरांची कामं अंगावर असताना परत आला. दोन्ही वेळा पॅनेलवर एकच ओळ होती आणि दोन्ही वेळा कारण वेगळं निघालं. कसं शोधलं ते सविस्तर लिहितो, कारण सेन्सर बदलून बदलून दमलेले बरेच मशीनवाले मला माहीत आहेत.

आमची मशीन अशी: ८० वॅटची काचेची कार्बन डायऑक्साइड ट्यूब, म्हणजे किरण जिथे तयार होतो ती नळी, मशीन चालवणारा रुईडा कंपनीचा कंट्रोलर, कॉम्प्रेसरवाला चिलर. ट्यूबमधून चिलरकडे परत जाणाऱ्या नळीवर दोन वायरचा फ्लो स्विच. याला सगळे सेन्सर म्हणतात, पण तो पाणी मोजत नाही. आत स्प्रिंगवर बसलेला छोटा पिस्टन असतो, त्यात चुंबक. पाण्याचा जोर पुरेसा असला की पिस्टन सरकतो आणि चुंबक रीड स्विचसमोर येऊन दोन वायर आत जोडल्या जातात. जोर कमी झाला की स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते आणि जोड तुटतो. बस, एवढंच. कंट्रोलरच्या ‘डब्ल्यूपी’ पिनला या जोडातून ग्राउंड मिळत असेल तर पाणी आहे, नसेल तर पाणी नाही.

यातली गोम नीट लक्षात घ्या. ही रचना मुद्दाम अशी केली आहे की वायर तुटली तरी मशीनने ‘पाणी नाही’ असंच समजावं. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे पॅनेलवरची ओळ फक्त एवढंच सांगते की सर्किट उघडलं. ते पाण्याने उघडलं, स्विचने उघडलं की वायरने, हे कंट्रोलरला कळायला मार्ग नाही. ते आपल्याला शोधावं लागतं, आणि काहीही विकत आणण्याआधी शोधावं लागतं.

इथेच मी पहिली चूक केली. मे महिन्यात दुपारी मशीन थांबायला लागली. सकाळी काही नाही, एक-दीडनंतर सुरू, चारपर्यंत पाच-सहा वेळा. ज्याच्याकडून मशीन घेतली त्याने फोनवर सांगितलं, सेन्सर गेलाय, बदला. नवा सेन्सर मागवून बसवला. दोन दिवस मशीन सुरळीत चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा एरर. मग तोही खराब निघाला असं समजून तिसरा मागवायच्या बेतात होतो. त्याआधी गल्लीतल्या एका जुन्या फिटरकाकांना दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “मिनिटाला पाणी किती येतंय?” मला सांगता येईना.

तेव्हा पहिलं काम पाणी मोजायचं. लेझरचा पॉवर सप्लाय मेनपासून बंद करा, फक्त चिलर चालू ठेवा. परतीची नळी चिलरच्या मागच्या निपलवरून काढा आणि एक लिटरच्या मापात सोडा. मोबाइलवर सेकंद मोजा. माप चिलरच्या उंचीलाच धरा, जमिनीवर ठेवलंत तर धार उगाच जोरात येते. तीनदा मोजा. आमच्याकडे सकाळी दहाला एक लिटर भरायला २४ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. दुपारी अडीचला त्याच मापाला ४६ सेकंद लागले. मिनिटाला १.३ लिटर. पाणी वाहत होतं, धारही दिसत होती, पण निम्मी झाली होती. डोळ्याला तो फरक कळत नाही. सेन्सर खरं बोलत होता आणि मी त्यालाच बदलत होतो.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, त्याचा साधा हिशोब देतो. ८० वॅटच्या ट्यूबला साधारण २४ ते २६ मिलिअँपिअर करंट आणि १८ ते २० हजार व्होल्ट लागतात. म्हणजे ट्यूबमध्ये ४३० ते ५२० वॅट जातात आणि प्रकाश म्हणून बाहेर येतात ८०. बाकीची सगळी उष्णता, धरा ४०० वॅट, पाण्याने उचलायची असते. मिनिटाला अडीच लिटर पाणी असेल तर ते ट्यूबमधून जाताना सव्वादोन अंशांनी तापतं. अर्धा लिटरच असेल तर साडेअकरा अंशांनी. आणि पाणी थांबलं तर त्या ४०० वॅटना जायला जागाच नाही. बारीक काचेच्या नळीभोवती गरम पाणी साचतं, मग कोणीतरी घाईने पंप सुरू करतो, गार पाणी तापलेल्या काचेवर जातं आणि ट्यूब तडकते.

तडकण्याच्या आधीही नुकसान होतच असतं. कार्बन डायऑक्साइड लेझरमध्ये वायू गार राहिला तरच प्रकाश टिकतो. वायू तापला की रेणू लेझरच्या खालच्या ऊर्जा-पातळीवर तुंबून राहतात आणि पॉवर पडते. ट्यूबमध्ये हेलियम भरतात तो बराचसा यासाठीच, उष्णता काचेकडे आणि तिथून पाण्याकडे पोचवायला. हा लेझर १९६४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. आपल्या गावागावांत नेमप्लेट आणि मखरं कापणाऱ्या मशीनची मुळं अशी आपल्याच मातीत आहेत, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तर दुपारी पाणी निम्मं का व्हायचं? मी चिलरपासून सुरुवात केली. आत शिरणाऱ्या तोंडाची जाळी काढली, तिच्यावर हिरवट बुळबुळीत थर होता. तो धुतला. ४६ सेकंदांचे ४१ झाले. थोडा फरक, पण सकाळचे २४ कुठे. मग पंप चालू ठेवून नळी चिलरपासून ट्यूबपर्यंत हाताने चाचपत गेलो. चिलरच्या मागे, भिंतीला लागून, नळीला घडी पडली होती. पारदर्शक पीव्हीसीची नळी होती. सकाळी ती टणक असते, वाकली तरी तोंड उघडं राहतं. दुपारी गाळ्यात ऊन तापतं, वर चिलरच्या पंख्याची गरम हवा भिंतीला आपटून त्याच नळीवर येते. नळी मऊ पडते आणि वाकल्या जागी चपटी होते. नवा सेन्सर लावल्यावर दोन दिवस मशीन का चालली, तेही तेव्हा उलगडलं. सेन्सर बदलायला मी चिलर पुढे ओढला होता, नळी सरळ झाली होती. दोन दिवसांनी झाडलोट करताना तो परत भिंतीला सरकवला गेला. सेन्सरचा त्यात काहीच वाटा नव्हता.

चिलर भिंतीपासून दीड फूट पुढे घेतला, जमिनीवर रंगाने चौकट आखली आणि त्या टप्प्यात जाड भिंतीची सिलिकॉनची नळी घातली. दुपारचं मोजमाप २५ सेकंदांवर आलं. जून सगळा शांत गेला.

जुलैत पाऊस लागला आणि एरर परत आला. या वेळी वेळ वेगळी होती. सकाळी सकाळी, मशीन सुरू केल्यावर अर्ध्या तासाच्या आत. आणि खोदकाम (एनग्रेव्हिंग) चालू असताना जास्त, म्हणजे किरण खाली सोडणारं हेड जोरात डावी-उजवीकडे धावत असताना. एक लिटर मोजला: २५ सेकंद. पुन्हा मोजला: २५. म्हणजे पाणी ठीक. आता शोध स्विच आणि वायर या दोघांतच.

अधूनमधून येणारा दोष पकडणं अवघड असतं, कारण आपण जवळ जाईपर्यंत सगळं पूर्ववत झालेलं असतं. आम्ही असं केलं: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना कंट्रोलरच्या ‘डब्ल्यूपी’ आणि ग्राउंडवर लावल्या. या पिना मशीन बंद असतानाच लावायच्या आणि हात काढून मगच मशीन सुरू करायची. लेझर पॉवर सप्लायच्या लाल जाड वायरच्या आसपास हात नेऊ नका, तिथे वीस हजार व्होल्टच्या वर मामला असतो आणि मेन बंद केल्यावरही काही वेळ चार्ज राहतो. मग मोबाइल स्टँडवर लावून अशा कोनात ठेवला की मीटरचा आकडा आणि चिलरच्या टाकीत पडणारी परतीची धार दोन्ही एका चित्रात दिसतील. व्हिडिओ चालू केला आणि काम लावलं.

चाळीस मिनिटांत मशीन दोनदा थांबली. व्हिडिओ मागे घेऊन पाहिला. स्विच जोडलेला असताना मीटरने शून्याजवळ राहायला हवं. आमचा आकडा एक ते दीड व्होल्टवर डोलत होता आणि थांबायच्या क्षणी एकदम वर उडाला. धार मात्र तसूभरही बदलली नव्हती. धार आधी बारीक झाली असती तर दोष पाण्याचा. धार तीच आणि आकडा उडाला तर दोष विजेच्या जोडाचा. या दीडशे रुपयांच्या स्टँडने जे दाखवलं ते तीन सेन्सर बदलून कळलं नसतं.

स्विच की वायर हे ठरवायला आणखी एक चाचणी. इथे मी कळकळीने सांगतो: लेझरच्या पॉवर सप्लायची मेन वायर काढूनच हे करायचं, नुसतं बटण बंद करून नाही. सेन्सरजवळचं कनेक्टर सोडवलं, कंट्रोलरकडे जाणाऱ्या दोन टोकांत वायरचा छोटा तुकडा घालून जोड दिला आणि तेच खोदकाम कोरडं चालवलं, हेड धावतंय पण किरण नाही. तरीही एरर आला. सेन्सर तर सर्किटमध्येच नव्हता. म्हणजे दोष कनेक्टरपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरीत. उलट, जोड दिल्यावर एरर पूर्ण थांबला असता तर बोट स्विचकडे गेलं असतं. मग तो काढून, तोंडाने हलकी फुंकर घालून, मल्टिमीटरच्या बझरवर तपासायचा: पिस्टन सरकला की बझर स्वच्छ, अखंड वाजला पाहिजे. पिस्टन अडखळत सरकत असेल तर आत क्षार किंवा शेवाळ आहे. खुळखुळला पाहिजे तो.

आमच्या वायरीत दोष सापडला तो कनेक्टरमध्येच. पांढरं प्लॅस्टिकचं दोन पिनांचं कनेक्टर, उघडलं तर आत पिना हिरव्या पडलेल्या. इथवर पाणी आलं कुठून? नळी कुठेच गळत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चिलर सुरू करून मी नुसता उभा राहून पाहत राहिलो. पंधरा मिनिटांत चिलरकडून येणाऱ्या नळीवर दव धरलं. थेंब गोळा होऊन नळीच्या अंगाने खाली ओघळले आणि वायरी त्याच नळीला टायने बांधलेल्या असल्याने थेट कनेक्टरवर गेले.

चिलर आम्ही उन्हाळ्यात १८ अंशांवर लावला होता आणि तसाच ठेवला होता. पावसाळ्यात आमच्याकडे हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते. अशा हवेत सुमारे २४ अंशांच्या खालच्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. म्हणजे फक्त नळीवर नाही, ट्यूबवरही धरत होतं, आणि ट्यूबच्या उच्च दाबाच्या, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, टोकाशी ओल म्हणजे ठिणगीला आमंत्रण. कनेक्टरने आधी तक्रार केली हे आमचं नशीब. आता पावसाळ्यात चिलर २५ अंशांवर ठेवतो. पॉवर किंचित कमी मिळते, एमडीएफला वेग थोडा कमी करावा लागतो, ते चालतं. ज्यांच्या चिलरला हवेच्या तापमानाप्रमाणे आपोआप दोन अंश खाली राहण्याची सोय आहे त्यांनीही पावसाळ्यात ती तपासून घ्यावी. वायरीचं म्हणाल तर कनेक्टर कापून टाकलं, वायर नवी ओढली, जोड झाळून त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घातली आणि तो नळीपासून दूर, उंचावर नेला. मीटर शून्याजवळ स्थिर आला.

खोदकामातच का थांबायची? हेडच्या धावण्याने मशीनची बॉडी थरथरते, आणि गंजलेल्या पिनांना तेवढी थरथर पुरते.

आमच्याकडे न घडलेली, पण ओळखीच्या मशीनवाल्यांकडे पाहिलेली काही कारणं आहेत. हेड चालतं, एरर काहीच येत नाही, पण मधेच कापणं बंद होतं आणि पुन्हा सुरू होतं, असं असेल तर फ्लो स्विच कंट्रोलरऐवजी लेझर पॉवर सप्लायच्या ‘पी’ आणि ‘जी’ टर्मिनलवर जोडलेला आहे का बघा. तिथे जोड तुटला की पॉवर सप्लाय गुपचूप किरण बंद करतो, कंट्रोलरला पत्ताच लागत नाही. अर्धी शीट न कापलेली बघून लोक आरशांची अलाइनमेंट करत बसतात.

किरण पेटतो त्याच क्षणी, आणि पॉवर जास्त असतानाच, एरर येत असेल आणि कोरड्या चाचणीत एकदाही येत नसेल, तर उच्च दाबाच्या वायरीचा त्रास सेन्सरच्या वायरीत शिरतोय. दोन्ही एकाच पट्टीतून नेलेल्या असतात. त्या वेगळ्या करा, सेन्सरची जोडी एकमेकींना पिळून न्या, शक्य असेल तर शिल्डेड केबल घाला आणि तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करा. गाळ्याचं अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का हेही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी तिसरी पिन नुसतीच असते.

पाणी बदलल्यानंतर पहिल्या तासात एरर येत असेल तर बहुधा हवा अडकलीय. ट्यूबमधून पाणी बाहेर पडणारं निपल वरच्या बाजूला असायला हवं, म्हणजे बुडबुडे निघून जातात. ते खाली किंवा आडवं असेल तर ट्यूबमध्ये बुडबुडा बसून राहतो. तेवढ्या जागेची काच कोरडी राहते, आणि ते सेन्सरला कधीच कळत नाही. पाणी भरल्यावर ट्यूब पूर्ण लांबीभर डोळ्यांनी पाहा.

शेजारी वेल्डिंग किंवा मोठी मोटर सुरू होते तेव्हाच थांबत असेल तर चिलरचा व्होल्टेज बघा. आणि नवा सेन्सर घेताना एक काळजी: चक्रीवाला तीन वायरचा सेन्सर येतो तो पाण्याच्या वेगाप्रमाणे पल्स देतो. तो फ्लो स्विचच्या जागी सरळ जोडून चालत नाही, कंट्रोलरला तो सतत उघडझाप वाटतो. दोन वायरचा स्विचच घ्या, त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेला ठेवा, आणि बसवा ट्यूबच्या पुढे, परतीच्या लाइनवर. ट्यूबच्या आधी बसवला आणि मधे नळी सुटली तर सेन्सर म्हणेल पाणी आहे, ट्यूब मात्र कोरडी.

पाण्याबद्दल. सुरुवातीचे काही महिने आम्ही बोअरचं पाणी वापरलं, ती चूक होती. क्षार पिस्टनवर बसतात, आणि क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते, म्हणजे उच्च दाबाच्या टोकाकडून पाण्यात गळती. आता बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी कॅनने आणतो. गाडीचा कूलंट घालू नका, त्यातूनही वीज वाहते. टाकीवर आणि पारदर्शक नळीवर ऊन पडू देऊ नका, शेवाळ तिथूनच सुरू होतं. आमच्या चिलरवर आता काळं कापड आहे.

शेवटी बायपासबद्दल, कारण फोनवर सगळ्यात आधी हाच सल्ला मिळतो: दोन वायरी जोडून टाका, सीझन निघून जाईल. माझ्या एका मित्राने तसंच केलं. महिनाभर मशीन उत्तम चालली. एका रात्री पंपाचा जोड निघाला, मशीन अर्धा तास पाण्याविना कापत राहिली, आणि सकाळी ट्यूब बदलावी लागली. ट्यूबचा खर्च, ती येईपर्यंतचे दिवस, आणि त्या दिवसांत परत पाठवलेली गिऱ्हाइकं. त्याचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. तपासणीसाठी जोड द्यावा लागतो, मीही दिला. पण पॉवर सप्लायची मेन काढून, आणि चाचणी संपताच तो तुकडा खिशात घालून. आमच्याकडे त्या तुकड्याला लाल फीत लावली आहे, म्हणजे विसरून आत राहिला तर दार उघडताच दिसेल.

दर सोमवारी सकाळी एक लिटर मोजून सेकंद चिलरच्या कापडावर चिकटवलेल्या कागदावर लिहितो. २४, २५, २५, २४ असं चाललंय. ३० झाले की जाळी उघडायची असं ठरवलं आहे, मशीन थांबायची वाट बघायची नाही. मे महिन्यात काढून ठेवलेला पहिला सेन्सर लिंबाच्या पाण्यात ठेवून, धुऊन, बझरवर तपासला. पिस्टन मोकळा झाला. तोच परत बसवला आहे आणि तोच चालतोय.